ऐंशी आणि नव्वदच्या मधली ओळ

तुमच्या माळ्यावर पडलेला जुना कॉम्प्युटर मेलेला आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही स्वतः उघडून पाहिलात? की नवा विकणाऱ्यानंच जुन्याच्या मृत्यूचा दाखला दिला आणि तुम्ही मान डोलावलीत?

रागावू नका. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे, मला सुरुवात अशीच येते. माझे वडील मजुरांच्या संघटनेचं काम करायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. अक्षरओळख मी त्यांच्यावरच केली. बाकीची मुलं 'ग गणपतीचा' म्हणायची तेव्हा मी 'बंधू-भगिनींनो' वाचत होते. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ ठरलेली असे : वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. त्या ओळीशी मला या लेखाच्या शेवटी काम आहे.

नंदुरबारमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पुढच्या टेबलावर लॅपटॉप, प्रिंटर, मोबाइल. त्यावर पोट चालतं. मागच्या फळीवर माझा जीव : जुने जाडजूड पडद्यांचे कॉम्प्युटर, फ्लॉपीवाले डबे, टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम. भंगारातून उचलायचे, साफ करायचे, जिवंत करायचे. छंद आहे. लोक त्याला वेड म्हणतात.

दुकानात शिरणारा माणूस आधी माझ्या पाठीमागे बघतो आणि अहिराणीत विचारतो.

"भाऊ कोठे गया व बेन?"

"भाऊ नही शे. मीच शे."

"तूच दुरुस्त करस?"

"मीच करस."

मग तो कॉम्प्युटर पुन्हा बगलेत मारतो, थोडा विचार करतो आणि टेबलावर ठेवतो. कारण नंदुरबार छोटं आहे आणि दुसरं दुकान दुपारी बंद असतं.

यंत्र कुठून आलं हे मला सांगावं लागत नाही. झाकण उघडलं आणि सटासट शिंका आल्या की ते मिरचीच्या पथारीवरून आलेलं असतं. गावाबाहेर एकरच्या एकर मिरच्या वाळत घालतात, तिथल्या ऑफिसात कॉम्प्युटरचा पंखा वर्षानुवर्षं तिखट हवा ओढत राहतो. आतल्या पाट्यांवर लाल थर बसतो. असं यंत्र मी दुकानाच्या बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, तोंडाला ओला रुमाल बांधून उघडते. शेजारचा चहावाला तेवढ्यापुरता शटर अर्धं खाली घेतो.

दसऱ्यानंतर वेगळी गर्दी असते. शस्त्रपूजेला आपल्याकडे तलवारीच्या शेजारी कॉम्प्युटर बसतो. हळद-कुंकू, फूल, अक्षता, सगळं साग्रसंगीत. एका पतसंस्थेतला फ्लॉपीचा कप्पा उघडला तर आत तांदूळ आणि झेंडूच्या पाकळ्या. साहेब म्हणाले, "तोंड उघडं होतं, म्हटलं नैवेद्य आत द्यावा." मी हसले नाही. यंत्राला तोंड आहे, त्याला भूक लागते, असं समजणारा माणूस ते लवकर फेकून देत नाही. फेकणारे ते, ज्यांना यंत्राचं तोंड कधी दिसतच नाही. आजकालचे लॅपटॉप आणि मोबाइल गोंदानं चिकटवून येतात. उघडू नका, हात लावू नका, बिघडलं तर नवं घ्या. वस्तू तुमची, पैसे तुमचे, पण तिच्या आत डोकवायचा हक्क तुमचा नाही! जुन्या यंत्रांवर माझं प्रेम आहे ते यासाठी. त्यांना स्क्रू असतात. चार स्क्रू काढले की ती आपलं दुखणं दाखवतात.

आता सुमनबाईंची गोष्ट.

संक्रांत नुकतीच झाली होती. एक सत्तरीकडे झुकलेल्या बाई शालीत काहीतरी गुंडाळून घेऊन आल्या. त्यांनी माझ्या पाठीमागे भाऊ शोधला नाही, एवढ्यावरून मी ओळखलं की या शिक्षिका असणार. शाल उघडली. आत टीव्हीला जोडायचा कीबोर्डवाला व्हिडिओ गेम होता. आमच्या लहानपणी असे खूप विकले जायचे. दिसायला टाइपरायटरसारखा, मागे कॅसेट खोचायची खाच. बहुतेक कॅसेटमध्ये गोळीबाराचे खेळ असत, पण एक कॅसेट अशी असे, की ती लावल्यावर या डब्यावर बेसिक नावाच्या सोप्या भाषेत आपण स्वतःचा खेळ लिहू शकायचो.

त्यात एक मोठी उणीव होती. लिहिलेलं साठवायची सोयच नव्हती. बटण बंद केलं किंवा वीज गेली, की लिहिलेलं सगळं पुसलं जाई. आणि वीज तर आपल्याकडे जायचीच.

"मी रनाळ्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत होते," बाई म्हणाल्या. "मुलांना यावर शिकवायचे. एका पालकानं दिला होता हा डबा."

"पण साठवता येत नाही ना यात काही?"

"साठवायचो की."

"कशात?"

"मुलांमध्ये."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं.

बेसिकमध्ये खेळ म्हणजे सूचनांच्या ओळी. प्रत्येक ओळीला आकडा. दहा, वीस, तीस, असे. यंत्र लहान आकड्यापासून मोठ्याकडे जातं. सुमनबाईंनी वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक ओळ वाटून दिली. वहीत लिहायची नाही, पाठ करायची. रोज प्रार्थनेनंतर पाढ्यासारखी म्हणायची. डबा सुरू झाला की मुलं रांगेनं येत, आपापली ओळ टाइप करत आणि मागे सरत. शेवटच्या मुलाची ओळ झाली की खेळ चालू. वीज गेली तर पुन्हा रांग. एखादा मुलगा आजारी असला तर खेळ अडायचा, मग बाकीचे त्याच्या घरी जाऊन दार वाजवायचे.

"वहीत का नाही लिहू दिलं?" मी कागदावर श्रद्धा असलेली बाई, मला हे पटेना.

"वहीत लिहिलं असतं तर एकालाच बोलावलं असतं. ज्याची वही त्याला."

वडिलांनी इतकी पत्रकं काढली, पण हे वाक्य त्यांच्या एकाही पत्रकात नव्हतं.

डबा दुरुस्त व्हायला वेळ लागला. आतली छोटी पिंपं, म्हणजे विजेचा प्रवाह सांभाळणारे कपॅसिटर, फुगून फुटली होती. ती बदलणं सोपं. कीबोर्डच्या खाली प्लास्टिकचा पातळ कागद असतो, त्यावर वीज वाहून नेणाऱ्या रेघा छापलेल्या असतात. त्या जागोजागी तडकल्या होत्या. हा कागद आता कुठे मिळत नाही. भिंग लावून, वीज वाहून नेणाऱ्या चंदेरी शाईनं मी एकेक रेघ पुन्हा ओढली. या डब्याचं चित्र नव्या टीव्हीवर नीट येत नाही, म्हणून मागच्या फळीवरचा जुना पोटवाला टीव्ही पुढे आणला. निळा पडदा आला, कोपऱ्यात चौकोन लुकलुकायला लागला, तेव्हा बाई पदरानं चष्मा पुसत होत्या.

"आता मुलं बोलवा," त्या म्हणाल्या.

एवढी घाई कशाची, ते मी विचारलं. येत्या दिवाळीनंतर त्या पुण्याला मुलाकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. डोळ्यांत काचबिंदू होता, एकटीनं राहणं आता जमणार नव्हतं. जाण्यापूर्वी त्यांना खेळ पुन्हा चाललेला बघायचा होता. आणि त्याहून मोठी एक काळजी त्यांना होती. ती त्यांनी त्या दिवशी मला सांगितली नाही.

रविवारी मुलं आली. मुलं कसली! रेखा आली, तिची आता स्वतःची मिरचीची पथारी आहे. ती आत शिरताच मला शिंक आली. दिनेश आला, तो पोलीस हवालदार झालाय, गणवेशातच आला. आणखीही बरेच आले. कोणाचं टक्कल, कोणाच्या कडेवर पोर. योगेश सुरतेला कापडाच्या कारखान्यात असतो, त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्याची आई आली.

"तुम्ही कशा काय, मावशी?"

"त्यानी वळ मले पाठ शे. घर भरमा बोंबलत फिरे तो. मन्हा त कानेच पकी गया व्हतात." त्याची ओळ त्याच्या आईला पाठ होती. अर्थ विचारला तर म्हणाली, "मंतरना कोठे अर्थ ऱ्हास व?"

रांग लागली. रेखा पुढे, कारण दहा नंबरची ओळ तिची.

"मी पयली व्हतू आनि आजबी पयलीच शे," ती दिनेशकडे बघून म्हणाली.

"पडदा पुसानी वळ शे तुन्ही," दिनेश म्हणाला. "झाडू माराना काम. त्यान्हा केवढा तोरा!"

पण दिनेशची पाळी आली तेव्हा तो घामाघूम झाला. ओळ आठवेना. बाईंनी चष्म्यातून नुसतं पाहिलं आणि हवालदार पाठीमागे हात बांधून उभा राहिला.

"बाई, येस मले, येस... जिभवर शे."

"जिभेवर नसेल, बोटांत असेल. डोळे मीट आणि कीबोर्डवर हात ठेव."

त्यानं ठेवले. बोटं आपोआप चालायला लागली. ओळ बिनचूक आली. दुकानात असा आरडाओरडा झाला की चहावाला शटर खाली घ्यायला धावला.

योगेशच्या आईनं ओळ मंत्रासारखी म्हटली आणि मी टाइप केली. मग ऐंशी नंबर झाला. नव्वदवाला पुढे येईल म्हणून मी वाट बघत होते, पण कोणी हललं नाही. मग रेखा हळूच म्हणाली, "पंच्याऐंशी. वाट बघी ऱ्हायनूत." क्षणभर थांबून नव्वदवाला पुढे आला.

खेळ सुरू झाला. वरून चांदण्यांसारखी फुलं पडायला लागली, खाली टोपली डावी-उजवी सरकत होती. दिनेशनं टोपली फुलाखाली बरोबर नेली. फूल टोपलीतून आरपार जमिनीवर पडलं. पुन्हा नेली. पुन्हा पडलं.

"आजूनबी खालेच पडी ऱ्हायनात," तो म्हणाला, आणि कोणी हसलं नाही.

तेव्हा बाईंनी सांगितलं.

ओळींना दहा, वीस, तीस असे आकडे देतात, कारण मध्ये जागा असावी. उद्या काही नवीन आठवलं तर ते आत बसवता यावं. त्या वर्षी वर्गातल्या सगळ्या ओळी वाटून झाल्या होत्या आणि दिवाळीनंतर एक मुलगी आली. सातपुड्यातली, काठी गावाच्या बाजूची. आई-बाप मिरची तोडायला खाली उतरले होते, शेतातच राहत होते. तिचं नाव मोगी. तिला मराठी येत नव्हती, अहिराणीही नाही. वर्गात ती मागच्या भिंतीला टेकून बसायची. पण खेळ सुरू झाला की पुढे यायची. तेव्हा त्या खेळात आंबे पडायचे आणि टोपली नुसती फिरायची. झेलायचं कसं ते बाईंनी अजून शिकवलंच नव्हतं. एक दिवस मोगी उठली आणि टीव्हीच्या पडद्याखाली ओंजळ धरून उभी राहिली. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांना कळलं की ती विचारते आहे, पडलेलं टोपलीत का येत नाही?

त्या प्रश्नाची ओळ झाली. ऐंशी आणि नव्वदच्या मध्ये, पंच्याऐंशी. वस्तू टोपलीला लागली तर गुण वाढव आणि आवाज कर, असं काहीसं. ती मोगीला मिळाली. आणि डोंगरात पोरी मोहाची फुलं वेचतात म्हणून तिच्यासाठी खेळातल्या आंब्यांची मोहाची फुलं झाली.

"सगळ्यात मोठी ओळ तिला दिली म्हणून आमच्या घरून तक्रार गेली व्हती," रेखा म्हणाली. "मन्हा बापच उना व्हता भांडाले. मजूरनी पोरले का म्हणीसन."

"मग?"

"बाईसनी सांगं, तुमनी पोर पयली शे, मोगी पंच्याऐंशी शे. मोठं कोण, तुमीच सांगा."

मी ते ऐकत होते आणि मला वाटत होतं, अशी यंत्राची भाषा वर्गात असायला हवी. ती कुणाच्याच घरची नव्हती. पाटलाच्या पोरीला ती जितकी परकी तितकीच मजुराच्या पोरीला. त्या भाषेत कोणी गावंढळ नाही, कोणी डोंगरातलं नाही.

मग होळी आली. डोंगरातली माणसं कुठेही असली तरी होळीला घरी जातात. मोगीचं कुटुंबही गेलं. परत आलं नाही. गुजरातेत ऊसतोडीला गेलं असं कोणी म्हणालं. बाईंनी ती ओळ दुसऱ्या मुलाला दिली नाही. त्यानंतर जितकी वर्षं डबा चालला, तितकी वर्षं पंच्याऐंशी आली की वर्ग थांबायचा, वाट बघतोय म्हणायचा आणि पुढे जायचा. फुलं खाली पडत राहायची.

आता मी काय केलं ते सांगते. ऐकता ऐकता मी ती ओळ मनात लिहून टाकली होती. त्यात अवघड काही नव्हतं. सगळे बोलण्यात गुंतलेले असताना मी ती टाइप केली आणि खेळ चालू केला. टोपली फुलाखाली नेली. टिंग! गुण एक. सगळे दचकले, मग टाळ्या वाजल्या. योगेशच्या आईनं तर माझी दृष्ट काढली.

बाईंनी टाळी वाजवली नाही.

"कोणी लिहिली?"

"मी. बाई, तुम्हाला खेळ पूर्ण बघायचा होता ना?"

"मला मोगीला बघायचं होतं."

मी वाद घातला. वाद घालणं माझ्या रक्तात आहे. म्हटलं, काम होणं महत्त्वाचं, नाव कुणाचं का असेना. ती येणार नाही, तिला आठवतही नसेल. रिकामी जागा रिकामी ठेवून तिचं काय भलं होतं?

बाई आतापर्यंत माझ्याशी शाळेच्या मराठीत बोलत होत्या. आता त्यांचा स्वर खाली आला आणि भाषा बदलली.

"माय, घरले कुलूप शे म्हणीसन घर रिकामं नही व्हस. तठे माणसं ऱ्हातस. ती कामले जायेल ऱ्हातस."

ऊसतोडीला गेलेल्यांची घरं, त्यांच्या नावापुढची गैरहजेरी, यावर मी सभांमध्ये तावातावानं बोललेली आहे. आणि इथे एका मजुराच्या मुलीची जागा मी बसल्या बसल्या व्यापली होती, वर टाळ्या घेतल्या होत्या.

त्या भाषेत ओळ पुसायची असेल तर नुसता तिचा आकडा टाइप करून एंटर दाबायचं. मी आठ दाबलं, पाच दाबलं. एंटर दाबलं. फुलं पुन्हा जमिनीवर पडायला लागली. आणि खरं सांगते, ती तशी पडताना मला पहिल्यांदाच बरोबर दिसली.

जाताना बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी पुण्याला गेल्यावर ही जागा कोण राखणार, याचीच मला काळजी होती. डबा तुझ्याकडे ठेव." दुरुस्तीला आलेली वस्तू ठेवून घेणं हे माझ्या धंद्याच्या नियमात बसत नाही. मी ठेवून घेतली.

होळीला मी काठीला गेले. होळीआधी डोंगरात भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारातही फिरले. ओळखीचा दिलवर सोबत होता, तो भिलीतून माझं बोलणं सांगायचा. देवीचं नाव म्हणून तिकडे घरोघरी मोगी आहे. गर्दीत हाक मारली तर चार बाया एकदम वळल्या. एका म्हातारीला मी सगळं सांगितलं, शाळा, मिरची, टीव्हीचा खेळ. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग काहीतरी बोलली. मी दिलवरकडे पाहिलं.

"काय म्हणाली?"

"म्हणते, एकच हंगाम शाळेत गेलेल्या पोरी इथे खूप आहेत. तुला त्यातली कोणती पाहिजे?"

मी रिकाम्या हातांनी परत आले आणि बाईंना ते जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, त्यांना वाईट वाटेल. त्या चक्क हसल्या.

"चार जणी वळल्या ना? मग चौघींना घेऊन ये की. ऐंशी आणि नव्वदच्या मध्ये नऊ जागा असतात. एक मोगीची. बाकीच्या आठ काय कामाच्या?"

म्हणून हा लेख. हा डबा आता माझ्या दुकानात मागच्या फळीवर नाही, पुढच्या टेबलावर आहे. बाई दिवाळीनंतर जातील, पण गाडीत बसण्याआधी त्या एकदा दुकानात येणार आहेत. रेखा, दिनेश आणि बाकीचेही येतील.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे, आणि ते तुमच्या माळ्यावरच्या कॉम्प्युटरबद्दल नाही. तो द्या, न द्या. पण तुमच्या शेतात मिरची तोडायला, वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात डोंगरातली जी माणसं आली आहेत, त्यांच्यासमोर हे पान मोठ्यानं वाचा. मराठी कळत नसेल तर कळणाऱ्याला शेजारी बसवा. त्यांच्यात एखादी बाई असेल, जी लहानपणी एकच हंगाम शाळेत गेली आणि टीव्हीतून पडणाऱ्या फुलांखाली ओंजळ धरून उभी राहिली. तिला सांगा, नंदुरबारात जुनी यंत्रं दुरुस्त करणारी बाई कोण म्हणून कोणालाही विचार. तिची ओळ मला येते, पण पुसल्यावर मी ती पुन्हा लिहिलेली नाही. आणि ती नसेल, दुसरीच कोणी असेल, जिची शाळा होळीला सुटली ती पुन्हा भरलीच नाही, तर तिलाही पाठवा.

जागा आहे.